बडोद्यातील व्यायामशाळांच्या विश्वस्तांना खुले पत्र : सकाळचे रिकामे दोन तास गुडघे बदललेल्यांना द्यावेत

सन्माननीय विश्वस्त व संचालक मंडळी,

सादर नमस्कार.

बडोद्यात मराठी माणसांनी उभारलेल्या आणि आजही विश्वस्त मंडळांमार्फत चालणाऱ्या व्यायामशाळा, तालमी व आखाडे या सर्वांना उद्देशून हे पत्र लिहीत आहे. मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते : आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते बारा या वेळात आपल्या सभागृहाला बहुधा कुलूप असते, त्या वेळात ते गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांना तोलाचे आणि चालण्याचे व्यायाम करण्यासाठी द्यावे. मी या शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या रुग्णांना घरी जाऊन व्यायाम देणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. पत्र थोडे लांबणार आहे. जागा कशासाठी हवी हे नीट सांगितले नाही, तर ‘आखाड्यात म्हातारी माणसे येऊन करणार काय?’ असा प्रश्न सभेत कोणीतरी विचारील आणि विषय तिथेच बारगळेल.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी गुडघा बदलणे ही मुलगा परदेशात असलेल्यांची गोष्ट समजली जात असे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि तोवर सरासरी दीड लाखाच्या वर विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. आपल्या राज्यात सरकारी खर्चाने उपचार देणारी मा (मुख्यमंत्री अमृतम) योजना होतीच, पुढे आयुष्मान भारत आली आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, त्या योजनेचे दार उघडले. त्यामुळे आज आपल्या कोणत्याही हळदीकुंकवात किंवा वाढदिवसाच्या जेवणात ‘गुडघे केले’ असे सांगणारी दोन-चार माणसे तरी भेटतातच. शस्त्रक्रिया स्वस्त झाली याचा मला मनापासून आनंद आहे, कारण दुखऱ्या गुडघ्याने रात्र-रात्र जागणारी माणसे मी पाहिली आहेत. जाता जाता एक सांगावेसे वाटते. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये टोटल कॉन्डिलर नावाचा जो सांधा पहिल्यांदा बसवला गेला आणि ज्याच्या धर्तीवर पुढचे बहुतेक सांधे घडत गेले, त्याच्या रचनाकारांत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते, आणि २००० व २००१ साली अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे त्यांनीच मुंबईत बदलले. पंतप्रधान वॉकर घेऊन कसे चालतात हे त्या दिवसांत सारा देश टीव्हीवर बघत होता, आणि ‘ऑपरेशन झाले म्हणजे चालणे आले’ ही समजूत तेव्हापासूनच आपल्याकडे घट्ट रुजली असावी असे मला वाटते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला थर कापून त्यावर धातूची आवरणे बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीनची चकती ठेवतात. हाडावर हाड घासणे थांबते आणि बहुतेकांचे जुने दुखणेही त्याबरोबर जाते. पण गुडघा दुखत होता त्या आठ-दहा वर्षांत शरीराने आणखीही बरेच काही गमावलेले असते, आणि ते काही सांध्याच्या खोक्यातून येत नाही.

सर्वांत आधी जातो तो मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू. खुर्चीतून उठणे, पायरी चढणे, उतरताना शरीर सावरून धरणे, ही सारी कामे त्याची. दुखण्यामुळे तो आधीच रोडावलेला असतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद, शस्त्रक्रियेपूर्वी होती त्याच्या निम्म्याहूनही खाली येते. याला केवळ शस्त्रक्रियेतला छेद कारण नसतो. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, ते या स्नायूला हात आखडता घ्यायला लावतात. रुग्ण दात-ओठ खाऊन जोर लावतो, पण स्नायूचा काही भाग कामालाच येत नाही. घरच्यांना वाटते की आई टाळाटाळ करते आहे.

दुसरी गोष्ट जाणिवेची. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे आणि गुडघा किती वाकला आहे हे आपल्याला कळते, कारण सांध्याचे अस्थिबंध, त्याच्याभोवतीचे आवरण आणि स्नायू यांत ताण ओळखणारी सूक्ष्म टोके असतात. संधिवातात ही जाणीव मंदावते आणि शस्त्रक्रियेत सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणाऱ्या दोन क्रूशिएट अस्थिबंधांपैकी बहुतेक वेळा पुढचा, काही रचनांत मागचाही, काढावा लागतो. मग उरलेल्या टोकांकडून, घोटा आणि तळपायाकडून, डोळ्यांकडून आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून ते काम करून घ्यायला शरीराला शिकवावे लागते. त्यातून रुग्णाला जुना मधुमेह असेल तर तळपायही बधिर झालेले असतात, मोतीबिंदू पिकत असेल तर डोळेही अर्धेच साथ देतात, आणि रात्री वीज गेली की न्हाणीघरापर्यंतच्या दहा पावलांची धास्ती वाटते.

तिसरी गोष्ट सवयीची आणि ती माझ्या मते सर्वांत चिवट. दुखऱ्या पायावर भार टाकायचा नाही, तो जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचा, गुडघा ताठ ठेवून पाय कंबरेतून ओढायचा आणि धड दुसऱ्या बाजूला झोकायचे, हे सारे वर्षानुवर्षे घोटलेले असते. दुखणे गेले तरी चाल तीच राहते आणि सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर पडत राहतो. पहिल्या गुडघ्यानंतर काही वर्षांत दुसरा बदलायची वेळ कितीतरी जणांवर येते, त्याला बरीच कारणे असतात. पण ही चाल त्याला हातभारच लावते.

मी काय म्हणते ते एका घरातल्या प्रसंगावरून कळेल. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात, लाकडी जिन्याच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले होते. गुडघा एकशे पंधरा अंशांपर्यंत वाकत होता, टाक्यांची जागा स्वच्छ होती, डॉक्टर खूश होते आणि सूनबाईही खूश होत्या. मी आजींना सांगितले, ओट्यावरचा तो डबा उचलून मागच्या फळीवर ठेवा बघू. एरवी माणूस दोन पावलांत मागे वळतो. आजींनी एक हात ओट्याच्या कडप्प्यावर घट्ट ठेवला, पाय न उचलता घासत घासत सात-आठ बारीक पावलांत वळण पुरे केले आणि डबा फळीवर टेकेपर्यंत श्वास रोखून धरला. निघताना मी दाराशी काढलेल्या त्यांच्या चपला उलटून पाहिल्या. उजव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेने झिजून तिरकी झाली होती आणि डावी जवळजवळ कोरी होती. “आता दुखत नाही गं, पण पायाचा भरवसा वाटत नाही,” असे त्या म्हणाल्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार, शब्द बदलून, हीच असते.

हे असे का होते? दवाखान्यातून तीन-चार दिवसांत घरी सोडताना रुग्णाला व्यायामाचा एक कागद मिळतो. त्यावर घोटा वर-खाली करणे, मांडी आवळून गुडघा गादीवर दाबणे, टाच घसरवत गुडघा वाकवणे आणि पाय सरळ ठेवून उचलणे, असे व्यायाम असतात. ते सगळे योग्य आहेत आणि पहिल्या काही आठवड्यांत आवश्यकही आहेत. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, नाहीतर गुडघा पुरता सरळ होणार नाही, ही सूचनाही मोलाची आहे. पण हे जवळजवळ सारे व्यायाम पडून किंवा बसून करायचे आहेत, आणि माणूस पडतो तो उभा असताना. त्यानंतर महिना-दीड महिना सगळ्यांचे लक्ष गुडघा किती अंश वाकतो या एकाच आकड्यावर लागलेले असते. शेजारीपाजारीसुद्धा ‘नव्वद झाले का?’ असे विचारतात. तो आकडा निरर्थक नाही. सपाट जमिनीवर चालायला पासष्ट अंशांच्या आसपास वाकणे पुरते आणि खुर्चीतून उठायला किंवा जिना चढायला-उतरायला नव्वद ते शंभर लागतात. मात्र तो गाठला की घरात पेढे वाटले जातात, फिजिओथेरपी बंद होते आणि रुग्णाला सांगितले जाते की आता फक्त चालत राहा. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पुढच्या व्यायामाचा खर्च सहसा धरलेला नसतो आणि घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे महिनोन्‌महिने देणे निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला झेपत नाही. स्नायूची ताकद परत यायला कितीतरी महिने लागतात, आणि त्यातला बराचसा काळ असाच मोकळा जातो. शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावरही असे रुग्ण त्यांच्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा सावकाश चालतात आणि जिन्यावर तर अधिकच मागे पडतात, हे जगभरच्या अभ्यासकांनी मोजून ठेवलेले आहे.

‘चालत राहा’ या सल्ल्याबद्दलही थोडे बोलायला हवे. कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत गुडघे बदललेली माणसे मला लांबूनच ओळखू येतात. त्या फेऱ्यांनी हृदयाला, वजनाला आणि मनाला फायदा होतो यात शंका नाही, आणि कोणी त्या बंद कराव्यात असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु लंगडत तीन किलोमीटर चालणारा माणूस तीन किलोमीटर लंगडण्याचाच सराव करत असतो, हेही तितकेच खरे. शिवाय बागेतली वाट सरळ आणि सपाट असते. घरातल्या-गल्लीतल्या चालण्यात वळणे असतात, उंबरे असतात, बोळात मागून स्कूटर आली की दोन पावले मागे किंवा बाजूला सरकावे लागते, हातात भाजीची पिशवी असते, मध्येच कोणीतरी हाक मारते आणि मान वळते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या किती वृद्धांना अंधारात, ओल्या जिन्याने वर न्यावे लागले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नवरात्रात गरब्याच्या कडेला खुर्ची टाकून टाळ्यांनी ताल धरणाऱ्या बायकांमध्ये कितीतरी जणींचे गुडघे बदललेले असतात. त्यांनी उड्या मारू नयेत हे बरोबरच, पण दोन पावले पुढे, एक मागे, बाजूला सरकून अर्धी गिरकी, एवढे त्यांना खुशाल जमले पाहिजे आणि शिकवले तर जमते. नेहमीच्या ताकदीच्या व्यायामाला तोलाच्या व्यायामाची जोड दिलेल्या रुग्णांचे चालणे आणि उभे राहणे, तशी जोड न मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारते, असे तुलना करून केलेल्या अभ्यासांतही आढळले आहे.

आता आपल्याकडे का येते आहे ते सांगते. दवाखान्यातला फिजिओथेरपी विभाग हा पहिल्या सहा आठवड्यांच्या रुग्णांसाठीच अपुरा पडतो. घरी जागा नसते. वाड्यातल्या खोल्यांत पलंग, कपाट आणि दिवाण यांतून उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत बाजूला चार पावलेही टाकता येत नाहीत, आणि एकट्याने, आधाराला कोणी नसताना, एका पायावर उभे राहा असे मी कोणालाही सांगणार नाही. तोलाच्या व्यायामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. त्याला घसरडी नसलेली सपाट जमीन, हाताशी पक्का आधार, उजेड, एक जाणकार नजर आणि बरोबरीची चार माणसे लागतात. शेवटचे सोडले तर बाकी बहुतेक सर्व आपल्या वास्तूंत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ती चार माणसे मी घेऊन येते.

व्यायामशाळेत रुग्णांनी यावे यात नवे काही नाही. उस्ताद जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात कुस्ती आणि कवायतीइतकीच हाडे बसवून घ्यायला येणाऱ्यांचीही ये-जा असे, हे बडोद्याच्या जुन्या घरांतून आजही सांगितले जाते. द. चिं. मजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला तोही याच शहरात. त्या काळच्या मालिशी आजच्या गुडघ्याला चालतील असे मात्र कोणी समजू नये; बदललेला सांधा जोराने चोळणे किंवा झटका देऊन वाकवणे सर्वस्वी टाळायला हवे. मला तालमीतली दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. लाठी किंवा पट्टा शिकवताना उस्ताद आधी पवित्रे घोटून घेतात : भार एका पायावरून दुसऱ्यावर, पाऊल तिरके पुढे, तसेच मागे, आणि नजर पायाकडे न जाता समोर. तोल सावरण्याचे सारे शिक्षण यात आहे. आपल्याकडचे निवृत्त वस्ताद या वर्गात उभे राहिले, तर पाय कुठे चुकतो हे त्यांना माझ्याइतकेच लवकर दिसेल.

वर्ग साधारण असा चालेल. आल्यावर प्रत्येकाने हाताच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठायचे आणि सावकाश बसायचे. सुरुवातीला खुर्ची उंच, मग नेहमीची. त्या वेळी भार दोन्ही पायांवर सारखा पडतो आहे का हे पाहायला समोर आरसा असावा, कारण ऑपरेशनचा पाय हळूच पुढे सरकवून चांगल्या पायावर उठायची चोरी जवळजवळ प्रत्येकजण करतो आणि त्याला ते कळतही नाही. मग भिंतीलगतच्या आधाराला धरून पाय जुळवून उभे राहणे, नंतर एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धे पुढे, नंतर टाचेला अंगठा लावून एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक पायरीवर आधी दोन हात, मग एक, मग नुसती बोटे, मग काहीच नाही. हे जमले की डोळे मिटून किंवा गादीवर, तेही आधारापासून वीतभर अंतरावर. चालण्यात आधी टाच टेकणे, मग अंगठ्याने जमीन मागे लोटणे. जमिनीवर खडूने आखलेल्या पट्ट्यांवर सारख्या लांबीची पावले. बाजूला चालणे, मागे चालणे, पावले एकमेकांपुढून नेत चालणे. मान डावी-उजवी फिरवत चालणे. पाण्याने भरलेला पेला हातात घेऊन किंवा शंभरातून तीन-तीन वजा करत चालणे. या शेवटच्या प्रकारात खूप हसू होते, आणि चालताना बोलायला गेले की पाऊल थबकते हेही तिथेच उमगते. मग लाकडी पायरी, पहिल्यांदा चार इंच उंचीची, नंतर नेहमीच्या जिन्याची. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात, हे सुरुवातीचे नियम बहुतेकांना पाठ असतात. माझे काम त्यांना त्यापुढे नेऊन एकाआड एक पाय टाकत चढायला लावण्याचे आहे.

प्रगती मोजायलाही साधीच साधने पुरतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजायचा. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका गृहीत धरतात. एका रेषेत पावले ठेवून दहा सेकंद उभे राहता न येणे हीदेखील तशीच खूण आहे. प्रत्येकाच्या नावाची वही असेल, महिन्यातून एकदा हे आकडे लिहिले जातील आणि रुग्ण ती वही आपल्या शल्यचिकित्सकांना दाखवू शकतील. नव्वद अंशांप्रमाणे या बारा सेकंदांचीही चौकशी शेजाऱ्यांनी करावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आपल्या सभेत निघतील अशा काही शंकांची उत्तरे आधीच द्यावीत हे बरे. कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, हा पहिला प्रश्न असेल आणि तो रास्त आहे. वर्गात एका वेळी आठांहून अधिक माणसे घेणार नाही. नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट हजर असल्याशिवाय वर्ग सुरू होणार नाही. शस्त्रक्रियेला किमान सहा आठवडे झालेले, जखम पूर्ण भरलेले आणि शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी असलेले रुग्णच घेतले जातील. पोटरी अचानक सुजून दुखू लागणे, धाप लागणे, ताप, गुडघा लाल होऊन गरम लागणे किंवा टाक्यांतून पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी व्यायाम नाही, थेट डॉक्टरांकडे. चक्कर येणारे किंवा नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेले रुग्ण आम्ही या वर्गात घेणार नाही. यासंबंधीचे संमतिपत्र मी वकिलांना दाखवून तयार करीन.

दुसरी अडचण पादत्राणांची आहे आणि ती वाटते तितकी लहान नाही. मारुतीरायाच्या मूर्तीसमोर चपला घालून जायचे नाही ही आखाड्याची शिस्त मलाही मान्य आहे. पण तळपाय बधिर झालेल्या मधुमेही माणसाला अनवाणी व्यायाम देणे धोक्याचे आहे, आणि गुळगुळीत लादीवर नुसत्या मोज्यांनी चालणे तर सर्वांसाठीच. तेव्हा बाहेर कधीही न वापरलेले, रबरी तळाचे बूट प्रत्येकाने पिशवीतून आणायचे आणि आत येऊनच घालायचे, एवढी मुभा द्यावी. मूर्ती असलेल्या भागात आम्ही जाणार नाही.

तिसरी गोष्ट बायकांची. माझ्याकडच्या रुग्णांत बायकाच अधिक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी आयुष्यात आखाड्याचा उंबरा ओलांडलेला नाही. त्यांना संकोच वाटू नये म्हणून त्या दोन तासांत दुसरा वर्ग नसावा आणि तालमीतल्या मुलांची ये-जा तेवढ्यापुरती दुसऱ्या दाराने असावी. साडी नेसून आलेल्या बाईलाही व्यायाम करता येतो, फक्त निरी घोट्याच्या वर खोचावी लागते. सलवार-कुडता अधिक सोयीचा, असे मी सांगत असते. आणि एक गोष्ट आवर्जून मागते : एक तरी कमोड असलेले, बाजूला धरायला दांडा असलेले स्वच्छतागृह. बदललेल्या गुडघ्याने उकिडवे बसता येत नाही, आणि दोन तास कसे काढायचे या चिंतेनेच कितीतरी जणी घराबाहेर पडत नाहीत.

खर्चाचे म्हणाल, तर आपल्याकडे असलेल्या जिम्नॅस्टिक्सच्या दांड्या आमच्या कामाला उंच पडतील. त्याऐवजी एका भिंतीलगत कंबरेच्या उंचीवर पक्की लोखंडी नळी ठोकून घ्यावी लागेल. हात असलेल्या, चाके नसलेल्या आठ खुर्च्या, एक उभा आरसा, दोन लाकडी पायऱ्या आणि दारातल्या उंबऱ्याशी एक उतार लागेल. हे सारे एखाद्या दात्याने सहज द्यावे इतके आहे, आणि नाही मिळाले तर रुग्णांच्या वर्गणीतून उभे करू. वर्गणी सुचवायची झाली तर घरी येणाऱ्या फिजिओच्या एका भेटीला जेवढे लागतात, तेवढ्यात पूर्ण महिना व्हावा. ज्याला तेही देणे कठीण आहे त्याला विचारू नये. सयाजी रुग्णालयाशी जोडलेल्या शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालयालाही विनंतीपत्र पाठवण्याचा माझा विचार आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना असा वर्ग चालवण्याचा अनुभव मिळाला तर त्यांचाही फायदाच आहे. मात्र ते पत्र एखाद्या जुन्या संस्थेच्या नावाने गेले, तर त्याला माझ्या एकटीच्या पत्रापेक्षा अधिक वजन येईल.

सर्व व्यायामशाळांनी एकदम हे सुरू करावे असे मी म्हणत नाही. ज्या संस्थेचे सभागृह तळमजल्यावर आहे आणि ज्याच्या दारापर्यंत रिक्षा येऊ शकते, अशा एकीने सहा महिन्यांसाठी सुरुवात करावी. वह्यांतले आकडे मी सहा महिन्यांनी विश्वस्त मंडळापुढे ठेवीन आणि पुढे चालू ठेवायचे की नाही हे आपण त्यावरून ठरवावे. येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि पंधरा मिनिटे बोलण्याची संधी द्यावी, ही विनंती आहे. त्या सभेला वर सांगितलेल्या आजींना घेऊन यायची माझी तयारी आहे, आणि त्यांनीही यायचे कबूल केले आहे. फक्त सभा पहिल्या मजल्यावर ठेवणार असाल तर आधी कळवावे. जिना त्या आता चढतात, पण त्यांना घाई करून चालत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
दांडिया बाजार, बडोदे येथील एक फिजिओथेरपिस्ट